कलम, पारडी व मूलपेशी

भातकापणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात एखाद्या माणसास फुरसे चावते. घरची माणसे त्यास तातडीने दवाखान्यात नेतात व तेथे त्याच्या शिरेतून विषावरील औषध चढविण्यात येते. त्या लहानशा कुपीत काय असते, हे विचारण्याचे भान त्या घटकेस कोणास असणार? त्या कुपीत घोड्याचे देणे असते. घोड्यास सर्पविष अगदी थोडेथोडे टोचीत गेले असता त्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये उत्पन्न होतात. ती वेगळी काढून, नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार सापांच्या विषावर चालणारे औषध तयार करतात. ज्या घोड्याने कोकणचा डोंगर कधी पाहिला नाही, त्याच्या रक्ताने कोकणातील मनुष्याचा जीव वाचतो.

मुक्या जनावरांचे असे ऋण आमच्यावर पुष्कळ आहे. 1796 साली एडवर्ड जेन्नर ह्यांनी गाईच्या देवींवरून लस टोचण्याची युक्ती काढली व पुढे हीच लस वासरांच्या अंगावर वाढवून देशोदेशी पुरविली गेली. 1922 साली मधुमेहाच्या पहिल्या रोग्यास इन्सुलिन देण्यात आले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे रोग्यांस मिळणारे इन्सुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलेले असे. रक्त, लस, ग्रंथींचा रस, इतके आम्ही त्यांच्यापासून आजवर घेतले. आता शास्त्रज्ञ त्याच जनावरांपाशी ह्याहून निराळी वस्तू मागत आहेत. ती वस्तू म्हणजे अवघ्या सात दिवसांच्या भ्रूणातील काही पेशी होत. ह्या पेशींस मूलपेशी, अथवा अधिक नेमके बोलावयाचे तर भ्रूणमूलपेशी, असे म्हणतात.

हा विषय शाळेच्या वार्षिकात घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण विद्यार्थ्यांसाठी आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशी, केंद्रक, गर्भधारणा हे शब्द त्यांनी वाचलेले आहेत, त्या शब्दांचे पुढे काय झाले हे त्यांस कळावे. दुसरे कारण पालकांसाठी आहे. मूलपेशींच्या नावाने हल्ली पुष्कळ जाहिराती प्रसिद्ध होतात, व ज्या घरी मूल आजारी असते त्या घरी जाहिरात वाचणाऱ्याचे मन हळवे झालेले असते. म्हणून काय सिद्ध झाले आहे व काय व्हावयाचे आहे, हे दोन्ही सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

आरंभ आमच्या परसातूनच करू. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारी हापूसची कलमे आहेत. हापूसची कोय रुजत घातली तर उगवणारे झाड मूळ झाडासारखेच फळ देईल, अशी खात्री नसते. म्हणून बागायतदार कोयीवर विसंबत नाही. तो रायवळ आंब्याचे रोप खुंट म्हणून घेतो, त्यावर निवडक हापूसच्या झाडाची काडी बसवून घट्ट बांधतो, आणि दोन्ही एकजीव होण्याची वाट पाहतो. काडी हापूसची, म्हणून फळही हापूसचे. खुंट मुळांवाटे पाणी व अन्न पुरवितो, परंतु फळाची जात ठरवीत नाही. एका उत्तम झाडाच्या हजारो प्रती ह्या रीतीने कोकणभर पसरलेल्या आहेत. जळगावकडे तर प्रयोगशाळेत केळीच्या गाभ्यातील लहानशा तुकड्यापासून हजारो रोपे तयार करून शेतात लावितात.

वनस्पतीस जे इतके सोपे, ते प्राण्यास का साधत नाही? पालीची शेपटी तुटली तर ती पुनः वाढते. पण मनुष्याचे बोट तुटले तर जखम भरून येते, बोट येत नाही. त्या तुटलेल्या बोटापासून दुसरा मनुष्य होणे तर दूरच. ह्याचे कारण असे की, मोठ्या झालेल्या प्राण्याच्या शरीरातील बहुतेक पेशींचे काम एकदा ठरून गेलेले असते. कातडीची पेशी कातडीचे, यकृताची पेशी यकृताचे व डोळ्याची पेशी पाहण्याचेच काम करते. चमत्कार हा की, आनुवंशिक गुणांचा संपूर्ण ग्रंथ ह्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असतो. मात्र तिला लागणारा धडा तेवढा उघडा व बाकीची पाने जणू डिंकाने चिकटविलेली असतात.

ज्या पेशींची पाने अद्याप चिकटलेली नाहीत, अशा पेशी कोठे सापडतील? त्या शोधण्यासाठी आपणांस गाईच्या गर्भाशयात, अगदी आरंभीच्या दिवसांकडे, जावे लागेल. गाईचे बीजांड मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाएवढे असते. तीक्ष्ण दृष्टीच्या मनुष्यास ते एखाद्या धुळीच्या कणासारखे कसेबसे दिसेल. बीजाशी त्याचा संयोग झाला की त्याचे दोन भाग होतात, दोहोंचे चार, चोहोंचे आठ. सातव्या दिवसाच्या सुमारास शंभरएक पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. ह्या वेळी तो गर्भाशयास चिकटलेला नसतो, आतील द्रवात तरंगत असतो. ह्याच कारणाने पशुवैद्यांस तो नळीने अलगद बाहेर काढून दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवता येतो व उत्तम गाईची वासरे साधारण गाईच्या पोटी जन्मास घालता येतात.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ह्या गोळ्यात दोन भाग दिसतात. बाहेरील पेशींचे एक कवच असते. त्यापासून पुढे वार तयार होते, जी वासरू जन्मल्यावर पडते. आतील एका बाजूस थोड्या पेशींचा पुंजका असतो. सगळे वासरू त्या पुंजक्यातून घडावयाचे असते. शिंग, खूर, हृदय, डोळा, शेपटीचा गोंडा, हे सर्व त्या मूठभरही नसलेल्या पेशींच्या वंशातून येते. त्यांच्यापैकी कोणी काय व्हावयाचे, हे त्या दिवशी ठरलेले नसते. हा पुंजका काढून काचेच्या बशीत योग्य पोषणद्रवात ठेवला आणि त्या पेशी न ठरलेल्या स्थितीतच वाढत राहिल्या, तर त्यांस भ्रूणमूलपेशी म्हणतात.

“न ठरलेल्या स्थितीतच” हे शब्द सोपे दिसतात. परंतु सारी अडचण त्यांतच आहे. आमच्या घरी आजीचे विरजण पहा. आजच्या दह्यातील चमचाभर उद्याच्या दुधास लावावे, उद्याच्यातील परवाच्या. असे ते वर्षानुवर्षे चालते. पण दूध फार ऊन असले, की थंडी पडली, की एखादा दिवस दुर्लक्ष झाले, की विरजण बिघडते. मूलपेशींचेही तसेच आहे. बशीतील पेशी दाटल्या की त्यांतील थोड्या नव्या बशीत घ्यावयाच्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी आपले न ठरलेपण टिकविले पाहिजे. जरा चूक झाली की त्या आपोआप कातडीच्या, स्नायूच्या किंवा मज्जेच्या होऊ लागतात, व मग त्यांस मागे फिरविणे कठीण.

हे विरजण प्रथम उंदरांच्या पेशींचे साधले. 1981 साली इंग्लंडात मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन ह्यांनी, आणि अमेरिकेत गेल मार्टिन ह्या विदुषीने, निरनिराळ्या ठिकाणी हे यश मिळविले. तेव्हा पुष्कळांस वाटले की, आता गाय, मेंढी, डुक्कर ह्यांच्या पेशी मिळावयास विलंब नाही. परंतु उंदरास मानवलेली पाककृती गुरांस मानवेना. मनुष्याच्या भ्रूणमूलपेशी 1998 साली अमेरिकेत जेम्स थॉमसन ह्यांनी मिळविल्या, तरी गाईच्या पेशी दीर्घकाळ टिकत नव्हत्या. अखेर 2018 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या भ्रूणापासून स्थिर मूलपेशी मिळविण्याची खात्रीची रीत प्रसिद्ध केली. पेशीस वाढण्याचा संदेश देणारे एक प्रथिन घालावयाचे, आणि तिला “आता काहीतरी हो” असे सांगणारा दुसरा एक संदेश रोखून धरावयाचा, ही त्या रीतीतील मुख्य गोष्ट होती. पुढील वर्षी डुकराच्या बाबतीतही तशीच मोठी प्रगती झाली. उंदरापासून गाईपर्यंत जाण्यास सदतीस वर्षे लागली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशात ह्या विषयाची सर्वांत हृदयंगम कथा हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत घडली. 22 ऑगस्ट 2010 रोजी तेथे एक पारडी जन्मास आली. तिचे नाव गरिमा-2 असे ठेवले. तिच्या जन्माची रीत आमच्या कलमाशी ताडून पाहिली म्हणजे चटकन ध्यानात येते. म्हशीचे एक बीजांड घेऊन त्यातील केंद्रक हाताने, बारीक पात्याने, सूक्ष्मदर्शकाखाली कापून काढले. मग त्या रिकाम्या बीजांडाशी म्हशीच्या भ्रूणमूलपेशीचा विजेच्या सूक्ष्म झटक्याने संयोग केला. ते बीजांड बशीत वाढून त्याचा भ्रूण झाला, व तो दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात ठेवला. मूलपेशी ही हापूसची काडी. रिकामे बीजांड व सांभाळणारी म्हैस हा खुंट. म्हशीने नऊ-दहा महिने पारडीस पोशिले, परंतु तिचे गुण ठरविले ते त्या काडीने. दृष्टांत सर्वांशी जुळत नसतो. बीजांडाचाही काही अल्प वाटा पिल्लाकडे जातोच. तरी मुख्य तत्त्व हेच.

ह्यात एक मौज आहे. आपण जिची प्रत काढतो ते मूळ झाड डोळ्यांपुढे उभे असते. पण गरिमा-2 हिचे मूळ म्हणजे एक भ्रूण होता, जो स्वतः कधी जन्मासच आला नाही. ती प्रत आहे, पण मूळ कोणी पाहिलेले नाही! पुढे ही म्हैस वयात येऊन नेहमीच्या रीतीने गाभण राहिली, व 25 जानेवारी 2013 रोजी तिला महिमा नावाची पारडी झाली. अशा रीतीने जन्मलेले जनावर निरोगी वाढून माता होऊ शकते, हे त्यामुळे दिसून आले.

तथापि ह्या यशामागील अपयशही सांगितले पाहिजे. कर्नाल येथेच फेब्रुवारी 2009 मध्ये ह्या रीतीने जन्मलेले पहिले पारडू थोड्याच दिवसांत दगावले. स्कॉटलंडात 1996 साली जन्मलेली प्रसिद्ध मेंढी डॉली हिच्यासाठी 277 बीजांडांवर प्रयोग झाला. त्यांतून 29 भ्रूण हाती लागले, आणि मेंढरू जन्मले ते एकच. हापूसच्या शंभर कलमांपैकी पुष्कळ धरतात. जनावराचे कलम शंभरांत एखादे धरते.

आता मनुष्याच्या औषधाकडे वळू. आणि त्यासाठी कर्नालहून मुंबईस, परळात येऊ. परळ हे आमच्या जिल्ह्यास परके नाही. आमच्या कित्येक वाचकांचे आजे-पणजे तेथील गिरण्यांत राबले, आणि आजही मोठा आजार आला की रत्नागिरीचा माणूस परळच्या इस्पितळाची वाट धरतो. ह्याच परळात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेथेच हाफकिन संस्था आहे. तेथील केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या प्रयत्नाने 6 ऑगस्ट 1986 रोजी, शरीराबाहेर गर्भधारणा झालेले मूल जन्मास आले. त्या कार्यात सहभागी असलेल्या परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेत पुढे मानवी भ्रूणमूलपेशींचे दोन वाण तयार झाले व त्यांचे वृत्त 2009 साली प्रसिद्ध झाले. पशुवैद्य व मनुष्यवैद्य ह्यांच्या विद्या जेथे एकाच वस्तीत शेजारी नांदतात, असे हे स्थान आहे. पुण्यास विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र असून तेथील पेशींच्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांस पेशी पुरविल्या जातात.

मूलपेशीने मनुष्य बरा होतो ह्याचा सर्वांत भक्कम पुरावाही परळातच आहे. 1983 साली टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीस तिच्या भावाच्या अस्थिमज्जेतील पेशी दिल्या. भारतातील हे पहिले अस्थिमज्जा-रोपण होय. अस्थिमज्जेत रक्त उत्पन्न करणाऱ्या मूलपेशी असतात. त्या भ्रूणातील पेशींसारख्या सर्वगामी नसतात. त्यांच्यापासून रक्तच होते, डोळा किंवा हृदय होत नाही. परंतु जे करावयाचे ते त्या चोख करतात. रक्ताच्या कित्येक दुखण्यांत ही चिकित्सा आज सर्वमान्य आहे.

मग भ्रूणमूलपेशींचे काय? त्यांपासून काचेच्या बशीत हृदयाच्या धडधडणाऱ्या पेशी, डोळ्याच्या पडद्याच्या पेशी, इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी, मेंदूतील पेशी तयार करता येतात. ज्याच्या शरीरातील अशा पेशी मेल्या त्यास नव्या पेशी द्याव्या, ही कल्पना. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी परीक्षेत कंपवाताच्या 12 रोग्यांच्या मेंदूत मानवी भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या पेशी घातल्या. 18 महिने देखरेख ठेवली असता त्या पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही, आणि काहींच्या हालचालीत सुधारणाही दिसली. बातमी आशादायक खरी. परंतु बारा रोगी म्हणजे बाराच.

येथेच गुरांच्या मूलपेशींचे महत्त्व कळून येते. उंदराचे हृदय मिनिटास पाचशेहून अधिक ठोके देते, व त्याचे आयुष्य दोनतीन वर्षांचे. उंदरास लागू पडलेले औषध मनुष्यास लागू पडेलच असे नाही. डुकराचे हृदय आकाराने मनुष्याच्या हृदयासारखे असते; मेंढीचा व बकरीचा गुडघा आमच्या गुडघ्याप्रमाणे भार सोसतो; ही जनावरे कित्येक वर्षे जगतात. डुकराच्या भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या हृदयाच्या पेशी डुकरासच दिल्या, आणि त्या वर्षानुवर्षे नीट राहतात की नाही हे पाहिले, तर मनुष्यास देण्यापूर्वी खरी परीक्षा होईल. आमच्याकडे पावसाळ्यात पऱ्ह्यापलीकडे जाण्यासाठी साकव घालतात. उंदरापासून आजारी मुलापर्यंतच्या वाटेवर ही गुरे असाच साकव आहेत. तो न घालता पाण्यात उडी घेणारा वाहून जाण्याचा संभव अधिक.

दुसरा उपयोग औषधे तयार करण्याचा. पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांत इष्ट तो बदल करून मग तिच्यापासून जनावर जन्मास घातले, तर तो बदल त्या जनावराच्या सर्व शरीरात उतरतो. 1997 साली जन्मलेली मेंढी पॉली ही, मनुष्याचे रक्त गोठण्यास लागणारे एक द्रव्य दुधात यावे ह्या हेतूने घडविलेली होती. आणि बकरीच्या दुधातून काढलेल्या, रक्ताच्या गाठी टाळणाऱ्या एका औषधास युरोपात 2006 साली व अमेरिकेत 2009 साली मान्यता मिळाली. ही जनावरे भ्रूणमूलपेशींपासून केलेली नव्हती. परंतु मूलपेशी दीर्घकाळ वाढत राहते, त्यामुळे असे बदल करून, पारखून, योग्य तीच पेशी निवडण्यास ती अधिक सोयीची ठरावी, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे.

तिसरा उपयोग अवयवांचा. हा सर्वांत दूरचा व सर्वांत मोठा. मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झालेले कित्येक रोगी दात्याची वाट पाहत असतातच मरण पावतात. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथे, गुणसूत्रांत बदल केलेल्या डुकराचे हृदय एका मनुष्यास बसविले; तो सुमारे दोन महिने जगला. ह्याहून निराळा विचार असा की, जनावराच्याच शरीरात रोग्याच्या पेशींचा अवयव वाढवावा. 2017 साली शास्त्रज्ञांनी मोठ्या उंदराच्या शरीरात लहान उंदराच्या पेशींचे स्वादुपिंड वाढविले, व त्यातील पेशी देऊन लहान उंदरांचा मधुमेह वर्षभराहून अधिक काळ ताब्यात ठेवला. त्याच वर्षी डुकराच्या भ्रूणात मनुष्याच्या मूलपेशी घालून पाहिल्या. तेव्हा लाख पेशींत सरासरी एखादीच मनुष्याची आढळली. एका लाखात एक! त्या पेशीपासून मूत्रपिंडापर्यंतचे अंतर किती, हे वाचकांनीच ताडावे.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली, ती सांगतो. भ्रूणमूलपेशी ही जितकी समर्थ तितकीच धोक्याची आहे. न ठरलेली पेशी तशीच शरीरात घातली तर ती काय होईल हे सांगवत नाही. उंदरांत अशा पेशी टोचल्या असता तेथे गाठ वाढते, आणि त्या गाठीत केस, हाड, स्नायू असे सर्व काही एकत्र सापडते. म्हणून पेशीस आधी तिचे काम ठरवून द्यावे लागते, व एकही न ठरलेली पेशी मागे राहिली नाही ह्याची खात्री करावी लागते. शिवाय परक्याच्या पेशी शरीर सहजासहजी स्वीकारीत नाही. ही सर्व कामे वर्षांची आहेत.

असे असता, मतिमंदत्व, अर्धांग, गुडघेदुखी, मधुमेह, म्हातारपण, सर्वांवर मूलपेशींचा एकच उपाय, अशा जाहिराती निघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की, रक्ताच्या ठराविक रोगांसाठी करावयाचे रक्तमूलपेशींचे रोपण सोडून मूलपेशींचा अन्य कोणताही उपयोग रूढ चिकित्सा म्हणून मान्य नाही. तो केवळ मंजूर झालेल्या परीक्षेतच करावा. बाळाच्या नाळेचे रक्त पुढे त्याच्याच उपयोगी पडेल म्हणून पैसे भरून साठवून ठेवण्यासही शास्त्राचा आधार नाही, असेही परिषदेचे मत आहे. ज्या कलमास अद्याप पालवी फुटली नाही, त्याचे आंबे कोणी पेटी भरून विकावयास बसला, तर आमचा बागायतदार त्यास काय म्हणेल? तोच न्याय येथे लावावा.

पालकांस आमची विनंती आहे की, असा उपाय कोणी सुचविल्यास तीन प्रश्न विचारावे. ही परीक्षा आहे की ठरलेली चिकित्सा? परीक्षा असल्यास तिची सरकारी नोंद कोठे आहे? आणि परीक्षेत भाग घेणाऱ्या रोग्याकडून पैसे का घेतले जात आहेत? तिसऱ्या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर बाग गहाण टाकू नये. आधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारी मुलासाठी आईबापांनी आशा धरू नये, असे आम्ही म्हणत नाही. आशा ही विक्रीची वस्तू नव्हे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आणखी एक प्रश्न राहतो, व आमच्यासारख्या शाळेने तो टाळणे बरे नव्हे. मानवी भ्रूणापासून पेशी काढल्या म्हणजे तो भ्रूण नष्ट होतो. ईश्वराने दिलेल्या जीविताचा आरंभ गर्भधारणेपासूनच होतो असे मानणारे अनेक ख्रिस्ती जन, तसेच अन्य धर्मांतील कित्येक विचारी माणसे, ह्यास मान्यता देत नाहीत. उलट, संततीसाठी तयार केलेले व शिल्लक राहून टाकून दिले जाणारे भ्रूण रोग्यांच्या कामी यावे, असे म्हणणारेही सद्भावनेनेच बोलतात. मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे प्रयोगशाळेत वाढवू नये, असा आपल्या देशात नियम आहे. जपानात शिन्या यामानाका ह्यांनी 2006 साली उंदराच्या व पुढील वर्षी मनुष्याच्या सामान्य पेशींची चिकटलेली पाने मोकळी करून त्यांस भ्रूणमूलपेशींसारखे केले. ह्या शोधासाठी त्यांस जॉन गर्डन ह्यांच्यासमवेत 2012 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे हा पेच पुष्कळ सैल झाला आहे. गुरांच्या भ्रूणांवर पुष्कळसे मूलभूत शोध करता येतात, हाही एक मार्ग आहे. मात्र मुक्या जनावरासही वेदना असते. त्याचे ऋण घेणाऱ्याने त्यास विनाकारण दुखवू नये, उपाशी ठेवू नये, व एका जनावराने काम होत असता दहा वापरू नयेत. हा धर्म प्रयोगशाळेतही सुटत नाही.

असो. विद्यार्थिमित्रहो, ह्या शास्त्रात अद्याप जे झाले नाही ते करण्यास सूक्ष्मदर्शकाशी तासन् तास बसणारे डोळे व न कंटाळणारे हात हवेत. गरिमा-2 हिच्या जन्मासाठी बीजांड कापणारा हात कोणत्याही यंत्राचा नव्हता, मनुष्याचा होता. तुमच्यापैकी कोणी पशुवैद्य होईल, कोणी परळच्या इस्पितळात रोग्याच्या उशाशी उभा राहील, कोणी पुण्याच्या प्रयोगशाळेत पेशींचे विरजण सांभाळील. तोपर्यंत सुटीत घरी गेल्यावर आजोबा कलम कसे बांधतात ते जवळ बसून पहा. काडी बसविल्यावर ते बांधलेली पट्टी रोज सोडून पाहत नाहीत. पाणी घालतात, सावली करतात, आणि पालवी फुटण्याची वाट पाहतात. आणि जे कलम धरले नाही, त्यास धरले असे कधी म्हणत नाहीत.